हिवाळ्यात लहान मूल: घर उबदार हवं, कोंदट नको

दिवाळी झाली की शिरूर-दौंड भागात दोन गोष्टी बरोबरच सुरू होतात: कारखान्यांचं गाळप आणि दवाखान्यातली सर्दी-खोकल्याची गर्दी. भीमा आणि घोड नदीच्या काठाला, पाणी दिलेल्या उसाच्या रानांमध्ये, पहाटेची थंडी गावठाणापेक्षा जास्त बोचते. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १० अंशांच्या आसपास येतो, कधी त्याच्याही खाली जातो, आणि दुपारी तोच ३० च्या जवळ पोहोचतो. मोठी माणसं सकाळी स्वेटर चढवतात, दुपारी काढतात. तान्ह्या बाळाला ते करता येत नाही. त्याला काय घालायचं, कधी काढायचं, कुठे झोपवायचं हे सगळं तुमच्या हातात असतं.

थंडी लागली म्हणून सर्दी झाली, असं आपण म्हणतो. खरं तर सर्दी, खोकला आणि बहुतेक न्यूमोनियाची सुरुवात विषाणूंमुळे होते. हिवाळ्यात आपण सगळे एका खोलीत, दारं लावून, एकमेकांच्या श्वासात राहतो. त्यात चुलीचा, शेगडीचा किंवा बाहेरच्या पाचटाचा धूर भरतो. म्हणून हिवाळ्यात बाळाची काळजी म्हणजे फक्त ऊब देणं नव्हे. ऊब द्यायची आणि हवाही खेळती ठेवायची, अशी ही दुहेरी कसरत आहे.

तान्ह्या बाळाला गारवा लवकर का बाधतो

बाळाच्या वजनाच्या मानाने त्याच्या अंगाचा पृष्ठभाग मोठा असतो, डोकं तर खूपच मोठं. त्यामुळे उष्णता झपाट्याने बाहेर जाते. पहिल्या काही महिन्यांत बाळ आपल्यासारखं कुडकुडून उष्णता तयार करू शकत नाही. अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या किंवा दिवसांआधी जन्मलेल्या बाळाच्या अंगावर चरबीही नसते, त्यामुळे त्याला धोका जास्त.

काखेत थर्मामीटर लावल्यावर बाळाचं तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस असावं. थर्मामीटर नसेल तर हाताच्या मागच्या बाजूने आधी बाळाचं पोट आणि मग तळपाय पाहा. दोन्ही कोमट असतील तर उत्तम. पोट कोमट पण पाय गार असतील तर बाळाला गारवा जाणवतोय, एक थर वाढवा. पोटही गार लागत असेल, बाळ सुस्त असेल, दूध ओढत नसेल, तर ते आजारी आहे असं समजा आणि लगेच निघा. तान्ह्या बाळात जंतुसंसर्ग झाला की दर वेळी ताप येतोच असं नाही, उलट अंग गार पडू शकतं. ही गोष्ट घरातल्या प्रत्येकाला माहीत हवी.

कमी वजनाच्या बाळासाठी सगळ्यात चांगला हीटर आईच्या छातीवर आहे. बाळाला फक्त लंगोट, टोपी आणि मोजे घालून आईच्या उघड्या छातीवर उभं, पालथं ठेवायचं, मान एका बाजूला, नाक मोकळं, आणि वरून साडी किंवा शाल गुंडाळायची. यालाच कांगारू पद्धत म्हणतात. आई थकली तर वडील किंवा आजी हेच करू शकतात. वडिलांना हे सांगितलं की ते आधी लाजतात, पण एकदा बाळ छातीवर झोपलं की खाली ठेवायला तयार होत नाहीत.

कपडे: एक थर जास्त, पाच नाही

साधा नियम असा: तुम्हाला त्या वेळी जितके कपडे लागतात, त्यापेक्षा बाळाला एक थर जास्त. आत सुती झबलं, त्यावर पूर्ण बाह्यांचं जाड झबलं, मग स्वेटर. लोकर थेट अंगाला लावू नका, त्वचेला खाज येते. दोन पातळ थरांमध्ये हवा अडकते, म्हणून ते एका जाड थरापेक्षा जास्त ऊब देतात आणि दुपारी एकेक करून काढताही येतात.

हे काढणं बहुतेक घरांत राहून जातं. सकाळी सातला घातलेली कुंची, स्वेटर, पायमोजे आणि वरून दुपटं दुपारी एक वाजता तसंच असतं. बाळ घामेजलेलं, चिडलेलं असतं, अंगावर पुरळ आलेलं असतं. कधीकधी अंग इतकं तापतं की घरचे ताप समजून दवाखान्यात आणतात. मानेच्या मागे बोट घालून पाहा. तिथे घाम असेल तर एक थर कमी करा. हात-पाय थोडे गार असणं लहान बाळात स्वाभाविक आहे, पण पोट आणि छाती गार असता कामा नये.

रात्री झोपताना बाळ पाठीवरच झोपवा. जाड गोधडी किंवा वाकळ तान्ह्या बाळाच्या अंगावर टाकू नका. ती तोंडावर सरकली तर बाळाला बाजूला करता येत नाही. गोधडी अंगाखाली घाला. जमिनीतून येणारा गारवा वरच्या हवेइतकाच त्रास देतो, विशेषतः फरशीवर झोपणाऱ्या घरांत. वरून हलकं पांघरूण छातीपर्यंतच, हात बाहेर. बाळ महिन्या-दोन महिन्यांचं झालं आणि खोली उबदार असली, तर झोपेत टोपीची गरज नसते. खोली गार असेल किंवा बाळ नुकतंच जन्मलेलं, कमी वजनाचं असेल तर टोपी ठेवा, पण ती नाकावर सरकणार नाही अशी. बाळ आईजवळ झोपलेलं असेल तर त्याच अंथरुणात दारू प्यायलेली किंवा सिगारेट-बिडी ओढणारी व्यक्ती नको.

रांजणगावच्या बाजूला पत्र्याच्या खोल्यांमध्ये राहणाऱ्या कुटुंबांसाठी एक गोष्ट: रात्री पत्रा आणि बाहेरची भिंत सगळ्यात आधी गार पडते. बाळाचं अंथरूण भिंतीपासून हातभर लांब, खोलीच्या आतल्या बाजूला ठेवा. झोपण्याआधी अंथरुणात गरम पाण्याची पिशवी दहा मिनिटं ठेवून काढून घ्या. बाळाला आत ठेवल्यावर पिशवी तिथे राहता कामा नये.

बंद खोलीत शेगडी: हे कधीच करू नका

कोळशाची शेगडी किंवा निखाऱ्यांचं घमेलं बाळाच्या खोलीत ठेवून दार-खिडक्या लावून झोपणं जीवघेणं ठरू शकतं. निखारे फुलले की धूर दिसत नाही, म्हणून लोकांना वाटतं की आता काही अडचण नाही. अडचण नेमकी तिथेच आहे. पुरेशी हवा नसताना कोळसा जळला की कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि त्याने खोकलाही येत नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा या वायूला दोनशेपटीहून जास्त घट्ट पकडतं. श्वास चालू असतो, पण मेंदूला आणि हृदयाला ऑक्सिजन मिळत नाही. झोपलेल्या माणसाला जागच येत नाही. लहान मूल मोठ्यांपेक्षा वेगाने श्वास घेतं, म्हणून त्याच्यावर परिणाम आधी होतो.

सुरुवातीची लक्षणं फसवी असतात: डोकेदुखी, मळमळ, गरगरणं, गळून गेल्यासारखं वाटणं. तान्हं बाळ फक्त किरकिरतं किंवा नेहमीपेक्षा जास्त झोपतं. एका खोलीतल्या दोघा-तिघांना एकाच वेळी असं होऊ लागलं, तर ते पित्त नाही. दार उघडा, सगळ्यांना बाहेर काढा, १०८ ला फोन लावा. बाहेर आल्यावर बरं वाटलं तरी दवाखान्यात जाच, कारण ऑक्सिजन द्यावा लागतो.

बाथरूममधला गॅस गिझर हेच करतो. छोटं बाथरूम, बंद झरोका, आत गिझर चालू आणि आई बाळाला घेऊन वीस मिनिटं आत: याहून वाईट जुळणी नाही. गॅस गिझर बाथरूमच्या बाहेर बसवा. ते शक्य नसेल तर आधी बादली भरा, गिझर बंद करा, दार थोडा वेळ उघडं ठेवा आणि मग बाळाला आत न्या.

मग खोली उबदार कशी करायची? शेगडी पेटवायचीच असेल तर संध्याकाळी, दार उघडं ठेवून, मुलांच्या हाताला येणार नाही अशी ठेवा आणि झोपण्याआधी निखाऱ्यांसकट घराबाहेर काढा. विजेचा हीटर असेल तर तो अंथरुणापासून किमान तीन फूट लांब ठेवा, त्यावर लंगोट वाळत घालू नका आणि खोली उबदार झाली की बंद करा. उगवतीचं आणि दुपारचं ऊन घरात येऊ द्या, मावळतीच्या आधी खिडक्या लावा. दाराखालची फट जुन्या साडीच्या वळकटीने बुजवा, पण वरचा झरोका कधी बुजवू नका.

शिरूरच्या ऊसपट्ट्यात बिबट्याची भीती खरी आहे. वस्तीवरच्या माणसाला रात्री दार उघडं ठेवा असं मी सांगणार नाही. म्हणूनच उंचावर, गज आणि जाळी असलेला झरोका किंवा छोटी खिडकी महत्त्वाची. गार हवा अंथरुणावर थेट येत नाही, खोलीतली हवा मात्र बदलत राहते. नवीन खोली बांधत असाल तर गवंड्याला हे आधीच सांगा.

धूर, धुरी आणि पाचट

बाळंतिणीच्या खोलीत ओवा, बाळंतशेपा टाकून धुरी देण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. आजीचा हेतू चांगला असतो. पण बाळाच्या श्वासनळ्या अगदी बारीक असतात, आणि धूर ओव्याचा असो की गोवरीचा, तिथे जाऊन तो सूजच आणतो. आईला शेक हवा असेल तर बाळाला त्या वेळी दुसऱ्या खोलीत न्या आणि गरम पाण्याची पिशवी किंवा कापडाचा शेक द्या. बाजेखाली निखारे ठेवू नका. भाजण्याचे आणि वायूचे असे दोन्ही धोके त्यात आहेत.

घराबाहेरचा धूर आपल्या हातात पूर्णपणे नसतो. ऊस तुटला की पाचट पेटवतात, दौंडच्या भागात गुऱ्हाळांची धुराडी चालू असतात, आणि थंडीत पहाटेची गार हवा जमिनीलगत बसून राहते. त्यामुळे धूर वर जात नाही, वस्तीवरच रेंगाळतो. अशा वेळी बाळाला पहाटे बाहेर काढू नका. ऊन चढलं, धुकट हवा मोकळी झाली की अंगणात आणा. शेजारच्या रानात पाचट पेटवणार असतील तर घरात तान्हं बाळ आहे हे जाऊन सांगा. बहुतेक शेतकरी ऐकतात. पाचट कुट्टी करून रानातच कुजवलं तर जमिनीलाही फायदा होतो.

कोवळ्या उन्हात बाळाला बसवणं चांगलं, ऊब मिळते आणि आईलाही बरं वाटतं. पण तेवढ्याने ड जीवनसत्त्व पुरेसं मिळेल असं धरून चालू नका. पहिल्या वर्षात रोज ४०० युनिट ड जीवनसत्त्वाचे थेंब द्यावेत. थेंबांच्या ताकदी वेगवेगळ्या असतात, म्हणून किती द्यायचे ते डॉक्टरांकडून लिहून घ्या.

आंघोळ आणि तेल

नवजात बाळाला पहिले २४ तास आंघोळ नको. कमी वजनाच्या बाळाला वजन वाढेपर्यंत ओल्या कोमट कापडाने पुसणं पुरे. थंडीत मोठ्या बाळालाही रोज आंघोळ घातलीच पाहिजे असं नाही. घालाल तेव्हा दुपारी, ऊन असताना, पाच-सात मिनिटांत उरका. बादलीत आधी गार पाणी, मग बंबातलं गरम पाणी. उलट क्रमाने ओतलं तर त्या मधल्या अर्ध्या मिनिटात रांगणारं मूल कढत पाण्यात हात घालतं. पाणी कोपराने तपासा, तळहाताला उष्णता नीट कळत नाही. हीटरच्या रॉडने पाणी तापवत असाल तर पिन काढल्याशिवाय पाण्याला हात लावू नका आणि मूल त्या खोलीत नको.

मालिशला खोबरेल तेल चांगलं. आंघोळीनंतर अंग टिपून लगेच थोडं तेल लावलं तर त्वचा फुटत नाही. पण कानात, नाकात, बेंबीत किंवा टाळूवर तेल ओतू नका. नाकातलं तेल श्वासातून फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो.

भाजलंच, तर भाजलेल्या जागेवर वीस मिनिटं साधं वाहतं पाणी सोडा. तान्हं बाळ असेल किंवा मोठा भाग भाजला असेल तर बाकीचं अंग कोरड्या कापडात गुंडाळून उबदार ठेवा. बर्फ, टूथपेस्ट, शाई, हळद काहीही लावू नका. स्वच्छ कापड झाकून दवाखान्यात या.

सर्दी झाली तर

बहुतेक सर्दी आठवडाभरात आपोआप बरी होते, खोकला दोन-तीन आठवडेही रेंगाळतो. नाक चोंदलं की बाळ दूध नीट ओढत नाही, म्हणून दूध पाजण्याआधी नाकात मिठाच्या पाण्याचे, म्हणजे सलाइनचे थेंब टाका आणि मऊ कापडाने पुसा. दूध थोडं-थोडं पण वारंवार पाजा. आईला सर्दी असली तरी अंगावरचं दूध बंद करू नये. तिच्या दुधातून बाळाला त्या आजाराविरुद्धची प्रतिकारद्रव्यं मिळतात. तिने फक्त तोंडाला पदर किंवा मास्क बांधावा आणि हात धुवावेत.

खोकल्याच्या औषधाबद्दल स्पष्टच लिहितो. मेडिकलमधून स्वतः आणू नका. २०२५ मध्ये मध्य प्रदेशात छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या औषधातल्या विषारी भेसळीने लहान मुलांचे जीव गेले. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने सांगितलं की दोन वर्षांखालील मुलांना खोकला-सर्दीची औषधं देऊ नयेत आणि पाच वर्षांखालीही ती साधारणपणे टाळावीत. भेसळ नसली तरी या वयात या औषधांचा उपयोग जवळजवळ नसतो, गुंगीचा आणि श्वास मंदावण्याचा धोका मात्र असतो. गेल्या वर्षीची बाटली फडताळात असेल तर टाकून द्या.

एक वर्षावरच्या मुलाला झोपताना अर्धा-एक चमचा मध चालतो. एक वर्षाखाली मध अजिबात नको, चाटणातही नको, कारण त्यातून बोट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो. कापूर लहान मुलांपासून लांब ठेवा. तो पोटात गेला तर झटके येतात. उघड्या भांड्यातल्या गरम पाण्याची वाफही लहान मुलाला देऊ नका. त्याचा फायदा थोडा आणि भांडं कलंडून भाजण्याची भीती मोठी.

तापाला पॅरासिटामॉल. एका वेळचा डोस दर किलो वजनाला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान चार ते सहा तासांचं अंतर. थेंबांची बाटली सिरपपेक्षा खूप तीव्र असते. सिरपचा चमचा मोजायची सवय लावून थेंब दिले तर डोस कित्येक पटीने जास्त होतो. बाटलीवरचा आकडा डॉक्टरांना दाखवूनच मात्रा ठरवा. बाळ तीन महिन्यांपेक्षा लहान असेल आणि ताप असेल, तर घरी औषध देऊन वाट पाहू नका.

केळं, दही, पेरू यांनी सर्दी होत नाही. मूल खात असेल तर खाऊ द्या. बाजरीची भाकरी दुधात कुस्करून, नाचणीची पेज, तीळ-गूळ बारीक कुटून, सगळं चालतं. फक्त एक वर्षाखाली वरून साखर-गूळ घालायची गरज नाही.

श्वास मोजायला शिका

साधी सर्दी आणि न्यूमोनिया यांतला फरक छातीत ऐकून कळण्याआधी डोळ्यांना दिसतो. मूल शांत किंवा झोपलेलं असताना झबलं वर करा आणि मोबाइलमध्ये घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट पोट किती वेळा वर येतं ते मोजा. दोन महिन्यांखाली ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त: हा वेगवान श्वास आहे. तान्ह्या बाळात ६० च्या पुढे आला तर पुन्हा एकदा मोजा. वेगवान श्वास असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

आता थांबायचं नाही अशी लक्षणं वेगळी: श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जाणं, कण्हणं, ओठ किंवा जीभ निळसर होणं, दूध-पाणी काहीच न घेणं, झटके, उठवूनही न उठणं, किंवा अंग गार पडणं. यांपैकी एक जरी दिसलं तरी रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा.

हिवाळ्यात रोटा विषाणूचे पातळ जुलाबही वाढतात. त्याला प्रतिजैविक लागत नाही. ओआरएस घोट-घोट, दूध चालू, आणि १४ दिवस झिंक: दोन ते सहा महिने वयाला रोज १० मिलिग्रॅम, त्यापुढे २० मिलिग्रॅम. डोळे खोल गेले किंवा सहा-आठ तास लघवी झाली नाही तर दवाखाना.

लसी, आणि कोपीवरची मुलं

न्यूमोनिया आणि जुलाबांविरुद्धच्या मुख्य लसी सरकारी केंद्रात मोफत आहेत. पेंटाव्हॅलंट आणि रोटा ६, १० आणि १४ आठवड्यांना, न्यूमोकोकल लस ६ आणि १४ आठवड्यांना व बूस्टर ९ महिन्यांना, गोवर-रुबेला ९ महिन्यांना आणि पुन्हा १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान. फ्लूची लस सहा महिन्यांनंतर, दरवर्षी. ती सरकारी यादीत नाही, विकत घ्यावी लागते. दमा, हृदयविकार किंवा कमी वजन असलेल्या मुलांसाठी मी ती आग्रहाने सांगतो.

या काळात बीड, नगरकडून आलेली ऊसतोडीची कुटुंबं फडाजवळ कोपी घालून राहतात. आई-बाप पहाटे तोडीला जातात आणि बाळ फडाच्या कडेला साडीच्या झोळीत किंवा सहा वर्षांच्या बहिणीकडे असतं. तुमच्या रानात अशी टोळी आली असेल तर एवढं सांगा: लस कुठल्याही गावाच्या केंद्रात मिळते, आपल्याच गावी जावं लागत नाही. लसीकरणाचं कार्ड हरवलं असलं तरी नर्सबाई लस देतात. गावातल्या आशाताईंना कोप्यांची जागा कळवलीत तर त्या तिथे जाऊन येतील. एखादी ताडपत्री, दोन जुन्या गोधड्या आणि लहानग्यांचे स्वेटर तुमच्या घरातही पडून असतील.

दवाखान्यात आणताना

आजारी बाळाला मोटारसायकलवर पुढे टाकीवर बसवून आणू नका. सकाळी १० अंशांत ताशी ४० च्या वेगाने येणारा वारा दहा मिनिटांत बाळाला गार करतो. रिक्षा, गाडी किंवा १०८ पाहा. दुचाकीशिवाय पर्यायच नसेल तर आईने मागे बसून बाळाला छातीशी, शालीच्या आत धरावं, नाक मोकळं ठेवावं, आणि चालवणाऱ्याने गाडी हळू न्यावी. वाटेत दूध पाजत या. तान्ह्या बाळाला नुसतं कापडात गुंडाळण्यापेक्षा आईच्या अंगाला लावून आणलं तर ते जास्त उबदार पोहोचतं. सोबत लसीकरणाचं कार्ड, घरी दिलेल्या औषधांच्या बाटल्या आणि एक कोरडं झबलं घ्या. शेवटचं दूध आणि शेवटची लघवी केव्हा झाली ते आठवून ठेवा, पहिला प्रश्न तोच असेल.